चीनमधली ती आणि माझं कालवण

तिचा आधी मला फक्त हात दिसला. नवऱ्याच्या फोनमधल्या फोटोत. काळ्याशार कढईवर पळी धरलेला हात, मनगटात हिरव्या दगडाचं कंकण आणि खाली रश्शात पहुडलेला अख्खा मासा. असा एखादाच फोटो असता तर मी काही मनाला लावून घेतलं नसतं. चांगले चाळीसेक होते.

फुटबॉल वर्ल्ड कपला तेव्हा तीनेक वर्षं उरली होती. दोह्यातल्या आमच्या अल नस्रच्या गल्लीतून बाहेर पडायचा रस्ता दर आठवड्याला बदलायचा. काल उजवीकडे वळलो तिथे आज बॅरिकेड असायचं. नवरा एका स्टेडियमच्या छताच्या कामावर वेल्डिंग इन्स्पेक्टर होता. त्या छताचे मोठमोठे लोखंडी भाग चीनमध्ये बनून जहाजाने यायचे, आणि ते जहाजावर चढण्याआधी जोड तपासायला याला दर दोन-तीन महिन्यांनी दहा दिवस तिकडे जावं लागायचं. सुट्टीच्या दोन दिवसांत कारखान्याचे लोक त्याला एका जुन्या, नदीकाठच्या तालुक्याच्या गावी फिरायला न्यायचे. ती बाई तिथली. तिची तिथे छोटीशी खाणावळ होती.

नवरा मालवणकडचा, मी नाशिकची. माझ्या माहेरी माशाचं नावसुद्धा हळू आवाजात घेत. लग्न ठरलं तेव्हा आईने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुला जमेल ना गं?" मी म्हटलं, जमेल. प्रेमात पडलेल्या मुलीला सगळंच जमणार असतं.

आणि जमवलंही. सासूबाईंनी फोनवरून शिकवलं. बांगडा कसा साफ करायचा, वाटण किती बारीक, सोलं म्हणजे आमसुलं किती, तिरफळं किती. तिरफळ म्हणजे मिरीएवढं एक फळ, जिभेला मुंग्या आणणारं; माशाच्या कालवणात त्याचा वास आला की मालवणी माणूस अर्धा गावी पोचतो. मी सगळं वहीत लिहून घेतलं. शेवटी त्या नेहमी म्हणायच्या, "आणि मीठ चव बघून घाल गो." मी "हो" म्हणायचे. पण चव मी कधीच बघितली नाही. एक तर मी मासे खात नाही. आणि दुसरं म्हणजे आमच्याकडे स्वयंपाक करताना चाखायची पद्धतच नव्हती. देवाला दाखवायच्या आधी जिभेला लावलं की ते उष्टं झालं. माझी आई आमटीच्या वासावरून मीठ ओळखायची. बांगड्याच्या वासावरून मला एवढंच ओळखता यायचं की खिडकी उघडायला हवी.

म्हणून मी मीठ हात राखून घालायचे. कमी असलं तर वरून घेता येतं, जास्त झालं तर काढता येत नाही, हा माझा हिशोब. दर शुक्रवारी बांगडा किंवा सुरमई. नवरा जेवायचा, मी विचारायचे, "कसं झालंय?" तो म्हणायचा, "छान." पंधरा वर्षं छान. आणि जेवताना ताटाच्या कोपऱ्यातल्या मिठात त्याचं बोट सारखं जायचं. मला वाटायचं, आहे याला मिठाची खोड. "बीपी वाढेल एक दिवस, कमी कर ते मीठ," असं मी त्याला किती वेळा सुनावलं असेल याची मोजदाद नाही. तो बोट मागे घ्यायचा आणि मुकाट जेवायचा.

सासूबाई गेल्या आणि त्यानंतर तो घरात आणखीच कमी बोलायला लागला. आईशी फोनवर तो मालवणीत बोलायचा, तेवढीच त्याची मालवणी. माझ्याशी लग्नाआधीपासून पुस्तकी मराठी, लेकीशी इंग्रजी, साइटवर हिंदी.

अशा माणसाने चीनहून येऊन बॅग उघडायच्या आधी बोलायला सुरुवात केली. तिथे मासा म्हणे पिंपात मीठ लावून आठवडाभर मुरवतात, त्याला वास येतो, आपल्या सुक्या बोंबलासारखा. टोफूवर मुद्दाम पांढरी बुरशी येऊ देतात आणि मग तव्यावर परततात. आमच्या घरी पावाला हिरवा ठिपका दिसला तर हाच माणूस अख्खा पाव कचऱ्यात टाकतो. आणि त्यांच्याकडे एक मिरी असते, तिचा वास हुबेहूब तिरफळासारखा.

"मी डोळे मिटले आणि..." असं म्हणून तो थांबला.

माझ्या कालवणाने याने कधी डोळे मिटले नव्हते. मिटले असतीलच तर काट्यामुळे. मी म्हटलं, "बरं, आता कपडे धुवायला काढ."

पुढच्या खेपेच्या आधी माझ्या बरणीतली सोलं अर्धी झाली. तिरफळांची पुडी तर दिसेचना. ही पुडी मालवणहून येणाऱ्या-जाणाऱ्याला निरोप धाडून दोह्यात येते, ती काही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. मी विचारलं तर नवरा शर्टाची घडी करत म्हणाला, "थोडी नेतोय. त्या मावशीला दाखवायला." मावशी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासूबाईंच्या झाडाची तिरफळं, मी इतकी वर्षं पुरवून पुरवून वापरलेली, आणि ती कुठल्याशा कंकणवालीच्या कढईत जाणार.

बारा वर्षांची लेक हे सगळं सोफ्यावरून बघत होती. ती म्हणाली, "आई, यू आर जेलस ऑफ अ फिश."

"माशावर नाही," मी म्हटलं. लेकीने खांदे उडवले आणि कानात पुन्हा इअरफोन घातले. पण माझं म्हणणं खरं होतं. मी रात्रंदिवस जळत होते आणि जळण्यात मला लाजही वाटत नव्हती. त्यानंतरच्या खेपेला मी जाहीर केलं, मीही येणार. नवरा दचकला नाही, हे बघून मी आणखी चिडले. तो चक्क खूश झाला. म्हणाला, "खरंच? तुला आवडेल बघ." लेकीला दहा दिवस दोह्याच्या दुसऱ्या टोकाला, मुऐदरला राहणाऱ्या मैत्रिणीकडे ठेवलं आणि आम्ही निघालो.

शांघायहून ट्रेनने अडीचेक तास, मग पुढे कारखान्याची गाडी. बरोबर कारखान्यातली एक तरुण इंजिनिअर मुलगी होती, इंग्रजी बोलणारी. आमची दुभाषी तीच. त्या गावाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही, पण गाव सुंदर होतं हे कबूल करायलाच हवं. पांढऱ्या चुन्याच्या उंच भिंती, वर काळी कौलं, मधून दोन माणसं जेमतेम जातील अशा फरसबंद गल्ल्या. खाली रुंद, हिरवी, संथ नदी आणि तिच्यावर दगडी बंधारा. दारादारांत बांबूच्या सुपांतून मिरच्या आणि मुळ्याच्या चकत्या वाळत टाकलेल्या. घाटावर बायका लाकडी थापीने कपडे बडवत होत्या. दोह्याच्या क्रेन आणि धुळीतून आलेल्या माणसाच्या डोळ्यांना तर ते थंडच वाटलं.

एका ठिकाणी काजळी कुटून शाईच्या कांड्या करत होते. काजळीत डिंक घालून कणकेसारखा गोळा मळायचा, लाकडी साच्यात दाबायचा आणि मग ती कांडी महिनोन्महिने सावलीत वाळू द्यायची. तिथला कारागीर नखापासून कोपरापर्यंत काळा होता आणि त्याने नवऱ्याला बघताच हात हलवला. पुढे चहावाल्याने हलवला. एका म्हातारबाबाने तर याच्या पोटावर थोपटून काहीतरी म्हटलं. दुभाषी मुलगी हसून म्हणाली, "ते म्हणतात, या वेळी बारीक होऊन आलात."

बारीक! म्हणजे मी याला दोह्यात उपाशी ठेवते. मी त्या म्हाताऱ्याकडे बघून हसले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. अल नस्रमध्ये आम्ही अकरा वर्षं एकाच इमारतीत राहतोय आणि समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाला माझ्या नवऱ्याचं नाव माहीत नाही. इथे मात्र गल्लीभर याचं गणगोत.

खाणावळ नदीच्या अगदी काठावर होती. चार टेबलं, मागे उघडं स्वयंपाकघर. आणि ती आली.

सत्तरीला टेकलेली बाई. ठेंगणी, पुढचा एक दात पडलेला, अंगात निळा एप्रन, मनगटात तेच कंकण. तिने नवऱ्याला दंडाला धरून खुर्चीत बसवलं आणि मग माझे दोन्ही हात हातात घेतले. तिचे हात उबदार आणि खरखरीत होते. महिनोन्महिने मी मनात जिच्याशी भांडत आले ती चाळिशीची, लांब केसांची, गोरीपान बाई त्या क्षणी नाहीशी झाली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तरुण असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. तरुण बाईशी भांडायची रीत तरी ठाऊक असते. या बाईचं काय करायचं?

माझ्यासाठी तिने वेगळी कढई घासून घेतली आणि तेलात बांबूचे कोंब, पालेभाजी, साधा टोफू केला. मी मासे-मटण खात नाही हे नवऱ्याने तिला आधीच सांगून ठेवलं होतं. इतका चांगुलपणा दाखवून तिने मला नावं ठेवायलाही जागा ठेवली नाही. मी कोंब चावत बसले. ते छान झाले होते.

मग नवरा उठला आणि सरळ तिच्या स्वयंपाकघरात गेला. दोह्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात हा माणूस फक्त पाणी प्यायला येतो, तेही दारातून हात लांब करून. इथे त्याने खिशातून सोलांची पुडी काढली, बाह्या सरसावल्या आणि कढईशी उभा राहिला. मी खुर्ची थोडी वळवून घेतली.

तिने नदीतला मासा सोडला, आलं टाकलं, याने सोलं टाकली. रस्सा उकळला. मग तिने पळीभर रस्सा घेतला, फुंकर मारली, अर्धा स्वतः प्यायली आणि तीच पळी याच्या तोंडापुढे धरली. आणि हा उरलेला प्यायला. माझ्या देखत. तिचं उष्टं. त्याने तोंड वाकडं केलं आणि तो म्हणाला, "नाय गो आये. वायच मीठ घाल."

मालवणीत. तो त्या चिनी बाईशी मालवणीत बोलत होता. इंग्रजीत बोलला काय आणि मालवणीत काय, तिला सारखंच, म्हणून त्याच्या तोंडी जे पहिल्यांदा आलं तेच तो बोलत होता. ती तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि तिने चिमूट टाकली. पुन्हा पळी. पुन्हा तिने अर्धी, याने अर्धी. "अजून." पुन्हा चिमूट. तिसऱ्या पळीला त्याने मान हलवली आणि डोळे मिटले.

माझ्या हातातल्या जेवायच्या काड्या तशाच राहिल्या. मी रडले नाही, एवढंच. लग्नाच्या पंधरा वर्षांत मी या माणसाची आजारपणं काढली, त्याच्या आईची बाळगुटी लेकीला पाजली, हात माशांच्या खवल्यांनी सोलून घेतले. पण "अजून मीठ घाल" हे तीन शब्द मला कधी मिळाले नव्हते. ते या दात पडलेल्या बाईला एका मिनिटात दोनदा मिळाले.

जेवताना ती माझ्याशी बोलायला बसली. दुभाषी मुलगी मध्ये बसून सांगत होती. "त्या विचारतात, तुम्ही जे खात नाही ते यांच्यासाठी रांधता, हे खरं आहे का?"

मी हो म्हटलं.

"त्या म्हणतात, पहिल्या दिवशी रस्सा चाखल्यावर यांनी मीठ मागितलं आणि मग फार वेळ गप्प बसले. त्यांना वाटलं मासा बिघडलाय. तेव्हा हे म्हणाले, घरी मी मीठ मागत नाही. माझी बायको न चाखता रांधते, तिला कसं सांगू?"

पहिल्या दिवशी! नवरा ताटात बघत होता. कान लाल झाले होते. मिठातलं ते बोट, माझं बीपीचं व्याख्यान, सगळे शुक्रवार मला एकदम दिसले. म्हणजे ती खोड नव्हती. तो माझं कालवण दुरुस्त करून खात होता आणि त्यावरही मी त्याला ओरडत होते.

मी उठून बाहेर घाटावर गेले. तो मागोमाग आला. भर दुपार होती, कपडे बडवण्याचे आवाज चालले होते, त्यामुळे भांडायला सोयीचं होतं.

"पंधरा वर्षं मिठाची गुळणी धरून बसलास," मी म्हटलं.

"अगं, काय सांगणार होतो? तू नाक दाबून मासे साफ करतेस. माझ्यासाठी. त्यावर मी म्हणू, मीठ कमी आहे?"

"म्हणायचंस."

"वाईट वाटलं असतं तुला."

"वाटू दे की! आईला सांगायचास ना, खारट झालंय म्हणून? या बाईला सांगतोस. मग मीच तेवढी पाहुणी आहे का रे तुझ्या घरात? पाहुण्यांच्या जेवणाला छान म्हणतात."

एका बाईने कपडे बडवणं थांबवून आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा सुरू केलं. मला त्याचा मोठेपणा नको होता. त्याने माझ्या चुका काढायला हव्या होत्या. जगात कुणाच्या तरी चुका तो मन मोकळं करून काढतो आणि ती मी नाही, हे मला सोसत नव्हतं. हे मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "चल, ऊन लागेल." आम्ही आत आलो. निघताना त्या बाईने मला तिच्या त्या मिरीची पुडी दिली. मी घेतली आणि आभार मानले, आणि तेव्हाही माझ्या पोटात दुखतच होतं.

दोह्यात परतल्यावर दोन शुक्रवार मी मासे आणलेच नाहीत. वरणभात केला. नवऱ्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्या दिवसांत साइटवर छताचा एक मोठा भाग वर चढवायचा होता, तो दमून यायचा आणि जेवून झोपायचा. मी घरात एकटी असले की मला सारखी ती पळी दिसायची.

तिसऱ्या शुक्रवारी सकाळी मी बांगडे आणले. वाटण वाटलं, सोलं टाकली, तिरफळं ठेचून टाकली, नेहमीसारखं मीठ घातलं. उकळी आली तशी मी हाक मारली, "जरा इकडे ये."

तो दारात आला. "पाणी नको, आत ये," मी म्हटलं. तो आत आला आणि ओट्याशी अवघडून उभा राहिला, डॉक्टरकडे आल्यासारखा. मी पळीभर रस्सा घेतला, फुंकर मारली आणि पळी त्याच्या तोंडापुढे धरली. मी काही चाखणार नव्हते. माझ्या जिभेला ते या जन्मी जमणार नाही हे मला माहीत आहे. पण ही त्याची जीभ होती आणि ती इतकी वर्षं माझ्या घरात रिकामी बसली होती.

तो प्यायला. "छान आहे," म्हणाला.

मी पळी खाली ठेवली नाही. परत भरली, परत धरली. त्याने माझ्याकडे बघितलं. मग पळीकडे. पुन्हा प्यायला.

"मीठ कमी आसा," तो म्हणाला.

मी मीठ घातलं. "आणि?"

"खोबरा बारीक वाटूक व्हया."

"आणि?"

मग त्याला थांबवणं कठीण झालं. तिरफळां ठेचूची नसतत, बिया काढून अख्खी टाकूची. सोलां लवकर पडतत. बांगडो जास्त शिजता, गॅस आधी बंद करूक होयो. त्या दिवाळीची सुरमई, लेकीच्या बारशाचं बांगड्याचं तिखलं, करपलेलं ते एक, त्याला सगळं लक्षात होतं. तो ओट्याला टेकून मालवणीत एकेक चूक सांगत होता. मध्ये एकदा त्याने नाक पुसलं. लेक दारात येऊन उभी राहिली. बाबा काय बोलतोय हे तिला कळत नव्हतं. मी ऐकत होते. मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

आणि तरीही, त्याचं सांगून संपलं आणि मी ताटं घेतली, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो त्या कंकणवालीचाच. यातलं निम्मं तरी तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं.